संग्रहालयातला बा

बा, मागच्या महिन्यात मी तुला बघायला तिकीट काढून आलो. खिडकीतल्या माणसानं विचारलं, "खालचंच पाहता का वरची चित्रंबी पाहता?" मी म्हणालो, दोन्ही. बापाला भेटायला तिकीट काढणारा आपल्या गोतावळ्यात मी पहिलाच असेन. तुला म्हणजे तुझ्या खांबाला. माणूस गेला की त्याच्या नावानं गावाच्या कडेला लाकडाचा खांब कोरून उभा करायचा, ही आपली रीत तुला मी काय सांगावी. जन्मभर गावोगावच्या मेलेल्यांचे खांब तूच कोरलेस. तुझा मात्र काकानं कोरला. गेली एकोणीस वर्षं तो चंद्रपूरच्या संग्रहालयात उभा आहे, आणि त्याला तिथं पोचवणारा मी आहे.

तुला वाचता येत नव्हतं. आपण घरात बोलायचो ती माडिया मला लिहिता येत नाही. शाळेत मराठी गिरवली, कचेरीत वीस-बावीस वर्षं मराठीच खरडतोय, त्यामुळे हे कागदही मराठीतच. बाजारात मीठ-मिरची घेण्यापुरती मराठी तुला येत होती, तेवढ्यावर भागव. तुझं आणि मायचं बोलणंही मी इथं आपल्या अहेरीकडच्या मराठीत उतरवतोय. त्यात तुमचा आवाज नीट ऐकू येणार नाही, पण दुसरा इलाज माझ्याकडं नाही.

आपल्या अंगणातल्या मोहाखाली तुझं काम चालायचं ते मला अजून दिसतं. तू उकिडवा बसलेला आहेस, पुढ्यात आडवा ओंडका, हातात लाकूड तासायला वाकस, आणि ढलप्या उडून मायच्या सुपात पडताहेत म्हणून ती तुझ्यावर खेकसते आहे. कुणाच्या घराची चौकट करायची असली की तू लाकडाच्या अंगावरचा पांढरा भाग पार तासून टाकायचास, कारण उधई, म्हणजे शाळेतली वाळवी, आधी पांढऱ्याला लागते, आतल्या लाल गाभ्यापर्यंत पोचायला तिला फार दिवस लागतात. खांब करताना मात्र ते पांढरं तू मुद्दाम ठेवायचास. मी एकदा विचारलं, असं काऊन? तू मान वर न करता म्हणालास, "घर राहाले पाहिजे. खांब जाले पाहिजे." आपल्या घरात असंच धरून चालत. खांब उभा आहे तोवर माणूस वेशीवर अडकलेला. उधईनं खाल्ला, पावसानं कुजवला, जमिनीला मिळाला की माणूस सुटला आणि आपल्या माणसांत जाऊन बसला. सगळेच असं मानतात की नाही मला ठाऊक नाही. आपल्याकडं मानत, एवढं ठाऊक आहे.

मी दहा-अकरा वर्षांचा असेन. उन्हाळ्याच्या सुट्टीत आश्रमशाळेतून घरी आलोय, नवं नवं ज्ञान डोक्यात भरून. आजाचा खांब बघायला गेलो तर त्याच्या कमरेपर्यंत उधईची माती चढलेली. माझ्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. गिरणीवाल्याकडून इंजिनाचं जळकं तेल डबाभर मागून आणलं आणि आजाला बुडापासून डोक्यापर्यंत काळाकुट्ट करून टाकला. मला वाटलं, शाबासकी मिळणार. तू आलास, वास घेतलास, डबा बघितलास. मारलं नाहीस. पटाशी आणलीस आणि तो तेलकट थर खरवडायला बसलास. जेवायलाही उठला नाहीस. मी लांब उभा राहून बघत होतो. ऊन उतरल्यावर म्हणालास, "उधई आपलं काम करून राह्यली होती. तू काऊन मधात गेला? आजाले बांधून ठेवतं का?" मला रडू फुटलं. मग तुलाच हसू आलं. "रडू नको. एक साल मागं पडला म्हातारा, दुसरं काई नाई," असं म्हणून तू मला खांद्यावर घेतलंस. माझे हातपाय तेलानं बरबटलेले, तुझाही खांदा काळा झाला.

हे एवढं सविस्तर सांगतोय ते अशासाठी की मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही. सगळं ठाऊक असताना मी तुला देऊन टाकलं.

तू गेलास तेव्हा काकानं तुझा खांब करायला घेतला. पांढरं ठेवलं, तू शिकवलंस तसंच. पण त्यानं एक गोष्ट तुझ्यापेक्षा वेगळी केली. तू सगळ्यांना एकाच साच्यातले करायचास, माणूस म्हणजे माणूस. काकानं तुलाच कोरलं. ओझी वाहून खाली आलेला डावा खांदा, मोठे कान, खाली बघायची सवय, हातात वाकस. पोटाची गोलाईसुद्धा सोडली नाही लेकाच्यानं. बायका बघून रडल्या आणि हसल्या. तुझा एकही धड फोटो नाही. मतदानाच्या कार्डावर एक आहे, त्यात पांढरा शर्ट दिसतो आणि वर काळा धब्बा.

तिसऱ्या वर्षी मी सुट्टीवर गावी आलो. अहेरीला कारकून म्हणून चिकटलो होतो, पायात चामडी बूट, खिशाला पेन. बघतो तर माती तुझ्या गुडघ्यापर्यंत चढलेली. बोटानं जरा दाबलं तर पाऊल भुग्यासारखं दबलं. मला ते सोसलं नाही. खरंच सोसलं नाही, बा. परत कचेरीत गेलो तेव्हा साहेब कुणाला तरी सांगत होते, चंद्रपूरच्या संग्रहालयाची माणसं जुने कोरीव खांब शोधत फिरताहेत. मी म्हणालो, साहेब, आमच्या घरचा आहे. सगळी कचेरी माझ्याकडं कौतुकानं बघायला लागली. पंधरा दिवसांत जीप आली. बूड सडलेलं म्हणून त्यांनी करवतीनं तुला घोट्यांच्या वर कापलं. काका आवाज ऐकून जंगलात निघून गेला, दोन दिवस आला नाही. माय धान कांडत होती, ती कांडतच राहिली. मी तिला विचारलंही नव्हतं. मी शिकलेला, मी कमावता, सही मीच केली. तुझे पाय गावात राहिले आणि बाकीचा तू गोणपाटात गुंडाळून जीपमधून गेलास.

आता तुला मायचं सांगतो. तिच्या डोळ्यांत पडदा आलाय, छातीत कफ आहे, दोन घास खाल्ले की पुरे म्हणते. ते पायांचे ठोकळे होते तोवर ती रोज तिथवर जाऊन यायची. ते मातीत मिळाले, मग काकाही गेला, त्याचा खांब कोरायला कुणी उरलं नव्हतं. आता सिमेंटचे करतात, वर ऑइलपेंट मारून, कुणी फरशाही लावतात. काकाचा तसाच आहे, निळा. यंदा पोळ्याला गेलो तेव्हा मायनं मला जवळ बसवलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ती या विषयावर बोलली. "पाय त्याचे इथी गेले. बाकीचा तिकडं उभा. बिनापायाचा माणूस कुठी जाईन?" मग म्हणाली, "मी आता जाणार. तिथी गेली अन तो नसला तं? मी कोनाजवळ बसू?" ती रडत नव्हती. आपण बाजाराला कुणाबरोबर जायचं हे ठरवावं तशी बोलत होती. "त्याले घेऊन ये. इथी आणून उभा कर. दोन-चार पावसाळे मी कशीबी काढीन. तो गेला की मी जाईन." मी म्हणालो, आणतो माय.

अर्ज लिहिण्यात माझा जन्म गेलाय. विषय, संदर्भ, महोदय. त्या दिवशी पहाटेच्या एसटीत बसलो तेव्हा अर्ज खिशात तयार होता. चंद्रपूरला उतरलो तर दहालाच ऊन डोक्यात शिरत होतं. संग्रहालयात मात्र गार आहे, जुन्या जाड भिंती आहेत. आधी दगडी मूर्ती, मग सिरोंच्याकडची दगड झालेली हाडं, मग पेंढा भरलेला गवा, त्याच्या डोळ्याच्या जागी काचेची गोटी. मग एक लांब दालन, आणि त्याच्या टोकाला तू. तुझ्याखाली काळ्या लाकडाची चौकोनी बैठक केली आहे, त्यामुळे पाय नाहीत हे माहीत नसलेल्याला कळायचं नाही. वरून पिवळा दिवा. पांढरं लाकूड कशानं तरी चकाकतंय. एक भोक नाही, एक चीर नाही. माझे केस पांढरे झाले आणि तू होतास तसाच आहेस. पुढं पाटी: स्मृतिस्तंभ, लाकूड, अहेरी परिसर. हात लावू नये.

तुझ्यापुढं बल्लारपूरकडचं एक जोडपं उभं होतं. बाईनं पाटी वाचली आणि नवऱ्याला म्हणाली, "मेलेल्या माणसाचा हाये म्हणते. पण चेहरा केवढा गरीब दाखवला ना?" नवरा म्हणाला, "त्याइचे सगळे असेच रायते." आणि माझ्याकडं मोबाइल देऊन म्हणाला, "भाऊ, एक फोटो काढून द्या ना." मी काढला. तू मधोमध, ते दोघं दोन बाजूंना. तिघंही येतील असा नीट काढला. बाईनं फोटो बघितला, "मस्त आला," म्हणाली आणि ती दोघं गव्याकडं गेली. भांडायला तोंड होतं, पण भांडून काय सांगणार होतो, की हा माझा बाप आहे आणि मीच त्याला इथं आणून ठेवलाय?

संग्रहालयाचं कार्यालय उघडायला वेळ होता म्हणून वरच्या मजल्यावर चित्रं बघायला गेलो. एका मोठ्या चित्रात तुझ्यासारखे तीन खांब होते, मागं मावळता सूर्य, पुढून डोक्यावर मडकं घेतलेली बाई चाललेली. खांबांची एक ढलपी गेलेली नाही, मातीचा कण नाही. मला राग आला. उधई कुठं आहे, असं मी मोठ्यानं म्हणालो, तर पहारेकरी दचकून म्हणाला, "साहेब, इथी उधई नाई, गॅरंटी!" मला हसू आलं आणि खाली आलो.

कार्यालयात एक मॅडम होत्या, चाळिशीच्या, इकडच्याच. मी कोण ते सांगितल्यावर त्या उभ्याच राहिल्या. चहा मागवला. जाडजूड नोंदवही काढून माझं पान दाखवलं. देणगीदार म्हणून माझं नाव, हुद्द्यासकट, आणि खाली माझी त्या वेळची सही, शेपटी काढून खाली दोन रेघा मारलेली. कारकुनाचा कलेक्टर झाल्यासारखी. मॅडम म्हणाल्या, "दादा, आम्ही लेकरासारखं जपलं त्याले. दर साली औषध मारतो. पाह्यलं ना, एक डाग नाई." त्यांच्या तोंडावर एवढा आनंद होता की मला मान हलवावी लागली. मग मी अर्ज पुढं केला. त्यांनी शेवटपर्यंत वाचला. मायचं सगळं मी त्यात लिहिलं होतं, पायांचंही. "आजपर्यंत असं कोणी मागितलं नाई," त्या म्हणाल्या. "मले वरती पाठवा लागंल. पण मी माझं मत लिहिते, की द्याले पाहिजे. होईल, दादा. वेळ लागंल, पण होईल असं वाटते मले." डोळे पुसून अर्ज माझ्या हातात देत म्हणाल्या, "फक्त याच्या दोन झेरॉक्स आणा. समोरच दुकान हाये."

मी बाहेर आलो. समोरच दुकान होतं. दोन प्रती काढल्या. कागद गरम होते. फाटकापर्यंत आलो, पहारेकऱ्यानं ओळखीचं हसून बाजूला सरकून वाट दिली, आणि मी वळून ऑटोत बसलो आणि म्हणालो, बस स्टँड. का, ते सांगतो, पण आधी मायचं.

आलापल्लीवरून गाडी बदलून संध्याकाळी गावात पोचलो तेव्हा ती ओट्यावरच बसली होती. पावलांवरून तिनं ओळखलं. "आणला का?" वाटेत मी दहा उत्तरं तयार केली होती. साहेब रजेवर होते, कागद वरती गेलेत, पुढच्या महिन्यात बोलावलंय. कचेरीत मी रोज लोकांना हेच सांगतो, माझ्या जिभेला त्याची सवय आहे. पण तिच्या डोळ्यांवरचा तो पांढरा पडदा बघून मला तिला पुन्हा वाट बघायला लावणं जमेना. मी म्हणालो, "माय, तो नाई तिथी. पडला तो. उधईनं खाल्ला."

तिनं तोंड माझ्याकडं वळवलं. "शहरातबी उधई असते?"

"असते माय."

"पुरा गेला?"

"पुरा. काईच नाई राह्यलं."

तिनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि एवढा मोठा श्वास सोडला की तिला खोकल्याची उबळ आली. मी पाठ चोळत होतो आणि ती खोकता खोकता हसत होती. "बिनापायाचा असून गेला," म्हणाली. "हट्टीच होता." जरा वेळानं तिनं विचारलं, "पडला तवा कोनी होतं का बाजूले?" तू गेलास त्या दिवशी मी अहेरीत होतो, निरोप पोचून मी येईपर्यंत सगळं उरकलं होतं. ते तिच्या मनात असणार, म्हणून विचारलं. मेळ बसत नव्हता, तरी मी म्हणालो, "मी होतो." तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. मग स्वतः उठून, भिंतीला धरत, मला आंबील वाढली. त्या दिवसापासून ती शांत झोपते, असं शेजारची बाई फोनवर सांगते. जेवण आणखी कमी झालंय म्हणे. जायची तयारी करते आहे, आता तिला कुणासाठी थांबायचं नाही.

हे कागद मी पाठवणार कुठं? मेलेल्या बापाचा पत्ता सहसा कुणाकडं नसतो, माझ्याकडं आहे, पिनकोडसकट. पण तिथं पाठवलं तर शिपाई फोडेल, आवक क्रमांक पडेल आणि मॅडमच्या टेबलावर जाईल. त्या बिचाऱ्या अजून झेरॉक्सची वाट बघत असतील. तेव्हा हे माझ्याच पेटीत राहील.

आता का, ते. वरचे लोक नाहीच म्हणाले असते, असं मी एसटीत स्वतःला समजावत होतो. ते खरं नाही. मॅडम "होईल" म्हणाल्या तेव्हाच मला तू जाताना दिसायला लागलास. तू परत आला असतास, वेशीजवळ उभा राहिला असतास, आणि तीन-चार पावसाळ्यांत ते कान, तो उतरलेला खांदा, सगळं मातीत गेलं असतं. तुझं खरं तोंड मला आठवत नाही, बा. फार प्रयत्न केला. डोळे मिटले की काकानं कोरलेलंच समोर येतं. तेही गेलं की माझ्यापुढं कार्डावरचा काळा धब्बा उरेल. तू सुटलास या समजुतीनं माय जाईल, तिकडं तुला शोधेल, माणसांत विचारत फिरेल, आणि तू इथं दिव्याखाली उभा असशील. हे सगळं समोर दिसत असताना मी गावाहून परतताना एसटीत तो अर्ज दोन्ही प्रतींसकट फाडला. मला तू पाहिजे होतास.